प्रश्न विचारणारी पंडिता

मैत्रिणींनो, पानशेतहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत रविवारी संध्याकाळी काय गर्दी असते, हे वेगळं सांगायला नको. धरण बघायला आलेली सगळी मंडळी एकदमच परत निघतात. अशाच एका गर्दीत माझ्या शेजारी एक पंचविशीची मुलगी बसली होती. मांडीवर जाडजूड पुस्तक. आत अक्षरं अशी की मला काही केल्या कळेनात. चौकोनी चौकोनी, आणि खाली बारीक ठिपके. विचारलं तर म्हणाली की ही हिब्रू भाषा. ती पुण्यात ईश्वरविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. पदवी झाली होती, आता पुढचा अभ्यास पाळकीय सेवेचा.

पाळकीय म्हणजे काय, तर चर्चमध्ये जो धर्मगुरू असतो त्याला मराठी ख्रिस्ती लोक पाळक म्हणतात. पाळक म्हणजे मेंढरं पाळणारा. आमच्या डोंगरात धनगरवाडे आहेत, त्यामुळे हा शब्द आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. हरवलेलं कोकरू शोधायचं, लंगडणाऱ्याला उचलून घ्यायचं, पुढची वाट बघून ठेवायची. आजारी माणसाजवळ कसं बसावं, मयताच्या घरी काय बोलावं आणि काय बोलू नये, मोडायला आलेल्या संसाराला सल्ला कसा द्यावा, हे सगळं त्या अभ्यासात येतं. आणि त्याच्या मुळाशी मूळ धर्मग्रंथ मूळ भाषेत वाचणं. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९८३ साली यवतमाळहून इथे आली. त्याआधी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पेपल सेमिनरी पुण्यात आली, ती कॅथलिक धर्मगुरू घडवणारी. म्हणजे विद्येच्या या माहेरघरात वेदशाळांच्या जोडीला ही विद्याही नांदते आहे.

त्या मुलीनं सांगितलं की घरच्यांना पटवताना तिनं एकच नाव पुढे केलं होतं. पंडिता रमाबाईंचं.

रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात त्या समाजसुधारक म्हणून. विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, झालं. पण त्या आयुष्यभर विद्यार्थिनी होत्या, आणि त्यांचा सगळा झगडा शास्त्र कुणी वाचायचं, कुणी शिकवायचं यावरून होता, हा भाग जरा मागेच राहतो. आज त्याच रमाबाईंबद्दल लिहिते आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकात सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे शास्त्रीबुवा तरुणपणी पुण्यात शिकायला होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायचे. एका बाईच्या तोंडून स्वच्छ संस्कृत श्लोक ऐकले आणि या तरुणानं मनाशी ठरवलं की आपण आपल्या बायकोला शिकवायचं! पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. पुढे दुसरं लग्न झालं, लक्ष्मीबाईंशी, तेव्हा त्यांनी ते करून दाखवलं. गावात बोंबाबोंब झाली. उडुपीच्या पंडितांपुढे उभं राहून, बाईला संस्कृत शिकवणं शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांना ग्रंथांचे आधार देऊन पटवावं लागलं. मग ते रानात जाऊन राहिले. तिथे लक्ष्मीबाई पहाटे, कामाला लागण्याआधी, धाकट्या रमेला झोपेतून उठवून मांडीवर घेऊन पाठ द्यायच्या.

अनंतशास्त्र्यांनी लेकीला पुराणं शिकवली, काव्यं शिकवली, व्याकरण शिकवलं. वेद मात्र शिकवले नाहीत. एवढ्या धाडसी माणसाची धावही तिथे थांबली. बाईनं वेद वाचायचे नाहीत, ही रेघ त्यांनीसुद्धा ओलांडली नाही.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर पायी हिंडलं. रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते, म्हणजे त्या मुलीचं डोकं काय असेल विचार करा. १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि काही महिन्यांत वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागून एक माणसं गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ साली कोलकात्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या.

तिथे दोन गोष्टी घडल्या. बायकांना शास्त्राप्रमाणे त्यांची कर्तव्यं सांगा, असं तिला कुणीतरी सुचवलं. त्यासाठी ती धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्यानं वाचायला बसली आणि हादरली. एरवी एकमेकांशी न पटणारे हे ग्रंथ बाईला कमी लेखण्यात मात्र एकमुखानं बोलत होते. दुसरी गोष्ट म्हणजे केशवचंद्र सेनांनी तिच्या हातात वेदाची प्रत ठेवली आणि वाचायला सांगितलं. बापानं न ओलांडलेली रेघ अशी ओलांडली गेली. त्याच कोलकात्यात कुणी ख्रिस्ती मंडळींनी तिला संस्कृतातलं बायबलही दिलं होतं. तिनं ते उघडलं आणि मिटून ठेवलं. भाषा संस्कृत, पण तिच्या ओळखीचं संस्कृत नव्हे! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. मनोरमा जन्मली एप्रिल १८८१ मध्ये आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं मेधावी वारले. वय वर्षं तेवीस, कडेवर दहा महिन्यांची पोर आणि मागे-पुढे कुणी नाही. अशी बाई पुण्यात आली आणि आल्या आल्या आर्य महिला समाज काढून बायकांपुढे व्याख्यानं देऊ लागली. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरच्यांपासून अनेकींनी ती ऐकली. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या पैशातून विलायतेचं तिकीट काढलं! नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे वाचून बरं वाटेल.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ते जमलं नाही, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. वाँटेज नावाच्या गावी सेंट मेरी मठातल्या जोगिणींकडे त्यांची सोय झाली होती. या जोगिणींची शाखा पुण्यात पंचहौदाजवळ होती, तिथूनच ओळख. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच तिथे आत्महत्या केली. या धक्क्यातून त्या कशा सावरल्या असतील? परदेश, भाषा पुरती येत नाही, लेक दोन वर्षांची. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांचं मन वळलं त्यात नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. हे गोरे म्हणजे काशीतले चित्पावन पंडित, ख्रिस्ती झालेले. म्हणजे एका शास्त्र्याला दुसऱ्या शास्त्र्याचीच भाषा कळली म्हणायची.

पुण्यात गदारोळ झाला, तो अपेक्षितच होता. ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच पाठ फिरवली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

पण मला खरा रस आहे तो पुढच्या तीन वर्षांत. कारण बाई ख्रिस्ती झाली, आता गप्प बसेल, सांगितलं तेवढं मानेल, असं जर इंग्लंडातल्या वडीलधाऱ्यांना वाटलं असेल, तर त्यांनी अनंतशास्त्र्यांच्या लेकीला ओळखलंच नव्हतं! तिनं बायबल हातात घेतलं आणि जसं धर्मशास्त्र तपासलं होतं तसं तेही तपासायला लागली. येशूच्या देवत्वाबद्दल, त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल, चर्चनं ठरवून दिलेल्या श्रद्धासूत्रांबद्दल तिचे प्रश्न थांबेनात. हे मूळ ग्रंथात कुठे आहे? की मागाहून माणसांनी ठरवलं? तिची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन जीव लावणारी होती, पण तिच्या मते नव्या विश्वासणाऱ्या बाईनं चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकावं, यातच नम्रता होती. रमाबाईंचं म्हणणं असं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड एवढ्या कष्टानं मानेवरून उतरवलं, ते दुसरं चढवून घेण्यासाठी नव्हे.

यांची पत्रं आज छापलेली मिळतात. त्यातले काही वाद तर सासू-सुनेच्या वादासारखे घरगुती आहेत. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेला पदार्थही खायच्या नाहीत. सिस्टरला तो अहंकार वाटला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, मला न कळणारी भाषाच गळ्यात घालायची तर माझ्या पूर्वजांची संस्कृत काय वाईट? चिमुकल्या मनोरमेला काय शिकवायचं, यावरूनही खटके उडाले. मुलगी मठात, आई दूर कॉलेजात. आईनं ठणकावलं की माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

ते कॉलेज म्हणजे चेल्टनहॅम लेडीज कॉलेज. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील, स्वतः गणिताच्या बाई. रमाबाई तिथे इंग्रजी साहित्य, गणित, विज्ञान शिकल्या आणि संस्कृत शिकवायच्या. बीलबाईंनी त्यांचे प्रश्न धर्मबुडवे म्हणून झिडकारले नाहीत. पत्रामागून पत्र लिहून समजावत राहिल्या. अशी एक शिक्षिका मिळाली तर विद्यार्थिनीचं आयुष्य तरून जातं, असं मला फार वाटतं. पण याच ठिकाणी एक प्रकरण झालं. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, असं घाटत होतं. मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, हिंदुस्थानात तिचं वजन राहणार नाही, असा सूर. रमाबाई थक्क झाल्या. ज्या देशाला ही मंडळी मागासलेला म्हणत होती, त्या देशात त्यांच्या वडिलांनी आणि भावानं त्यांना भर सभेत पुरुषांपुढे बोलू दिलं होतं. पंडितांनी पदव्या दिल्या होत्या. आणि इथे आडकाठी! शेवटी तो बेत बारगळलाच.

त्याच इंग्लंडच्या चर्चनं बायकांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली ती १९९४ साली, आणि पहिली स्त्री बिशप झाली २०१५ मध्ये. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियानं आंध्रातल्या नंद्याळला २०१३ मध्येच पुष्पललिता यांना बिशप केलं होतं. म्हणजे इथे आपण दोन वर्षं पुढेच, बरं का!

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. पुढचा भाग बहुतेकींना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, बालवाडीचं शिक्षण घेतलं, विधवांच्या शाळेसाठी बॉस्टनमध्ये मदतमंडळ उभं राहिलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाली, महर्षी कर्व्यांची पत्नी. १८९३ साली, रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली जाऊन बसतात यावरून वाद पेटला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायला जागा होती, असं मला वाटतं. धर्मांतर न करण्याच्या बोलीवर मुली ठेवलेल्या, हे खरं. आणि आईसारखी बाई दार उघडं ठेवून प्रार्थना करते, तिच्या खोलीत पोरींनी येऊ नये असं तिनं कसं सांगावं, हेही खरंच.

आता केडगाव. आमच्या पानशेतच्या धरणग्रस्तांपैकी कित्येक घरं दौंड तालुक्यात वसली, त्यामुळे लग्नकार्याला त्या बाजूला आमचं जाणं असतं. आमच्या धरणाचं पाणीसुद्धा खडकवासल्याहून कालव्यानं दौंड-इंदापूरकडे जातं. पण रमाबाईंनी तिथे जमीन घेतली तेव्हा पानशेतचं धरण कुठलं असायला! त्यांनी विहिरी खोदून घेतल्या, फळझाडं लावली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या आईबापांना दुष्काळात गमावलेली ही बाई उठून तिकडे गेली आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे नव्या माणसांना ठेवायला मनाई, म्हणून त्यांना केडगावला नेलं. तेच मुक्ती. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. मनोरमेनं अंध मुलींना ब्रेल शिकवलं.

पाळकाचं काम म्हणजे काय, ते इथे बघावं. उपाशी, अत्याचार सोसलेल्या, काही शरीरानं आणि मनानं पार मोडलेल्या दोन हजार जणींची ती आई, शिक्षिका, वैद्य आणि धर्मगुरूही होती. दीक्षा कुणी दिली नव्हती. तिला ती देण्याची सोयच नव्हती.

१९०५च्या जूनमध्ये मुक्तीत एक विलक्षण गोष्ट घडली. मुली रात्रंदिवस प्रार्थना करू लागल्या, कुणी रडत, कुणी अनोळखी भाषेत बोलत. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९०६ साली अशीच लाट आली, पण त्याच्या दहा महिने आधी आमच्या पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात हे सुरू झालं होतं. रमाबाईंची सहकारी मिनी एब्रम्स हिनं त्यावर पुस्तक लिहिलं, ते दक्षिण अमेरिकेतल्या चिलीपर्यंत पोचलं आणि तिथे १९०९ साली मोठी चळवळ उभी राहिली. कुठे केडगाव, कुठे चिली! इंग्लंडात बिशपांना अशा प्रकारांबद्दल काय वाटलं असतं कुणास ठाऊक. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. आपल्या बायका आपल्या पद्धतीनं देवाशी बोलतात, त्यात परदेशी शिस्त कशाला, असं त्यांचं मत. मात्र नुसत्या भावनेवर त्यांनी सोडलं नाही. मुलींना बायबलचा अभ्यास करायला लावून त्यांच्या टोळ्या गावोगाव पाठवल्या.

आणि याच काळात, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, बाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या.

का, तर मराठीतलं बायबल त्यांना पटत नव्हतं. त्यातले जड संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, आणि पंडिताला कळले तर त्यांतून हिंदू दर्शनांचा अर्थ निघतो, भलताच. कोलकात्यात ते संस्कृत बायबल मिटून ठेवलेलं आठवतंय ना? तोच अनुभव इतक्या वर्षांनी कामाला आला. शब्द धर्माचे असले की त्यांना मागची सगळी मुळं चिकटून येतात, हे संस्कृत आणि मराठी दोन्ही कोळून प्यालेल्या बाईला कळणार नाही तर कुणाला? म्हणून त्यांनी ठरवलं की मूळ भाषांतून, दळणकांडण करणाऱ्या बाईलाही समजेल अशा साध्या मराठीत, सगळं बायबल आपण नव्यानं आणायचं. लेखणी पंडितेची आणि भाषा ओसरीवरची. ज्यांना लहानपणी भागवत मुखोद्गत, त्यांनी मुद्दाम संस्कृत बाजूला ठेवायचं, हे सोपं नव्हे.

पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चाललं. कान जवळजवळ गेलेले, संस्थेचा गाडा मोठा, आणि रोज थोडं थोडं भाषांतर. मुक्तीच्याच छापखान्यात मुक्तीच्याच मुली खिळे जुळवत होत्या. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या मुली आता धर्मग्रंथाची पानं छापत होत्या! काही अभ्यासक म्हणतात, भाषांतर शब्दाला शब्द ठेवण्याच्या नादात कुठे कुठे अडखळतं. चर्चमध्ये पुढेही बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जात राहिलं, रमाबाईंचं फारसं रुळलं नाही. असेल. पण एकट्या बाईनं मूळ भाषांतून सबंध बायबल उतरवल्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, मुक्तीचा सगळा भार पुढे जिच्यावर टाकायचा ती. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. शेवटची मुद्रितं तपासायला दहा दिवस मिळावेत म्हणून त्यांनी प्रार्थना केली आणि तेवढेच दिवस मिळाले, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच गेल्या. छापखान्यातल्या मुलींनी उरलेली पानं छापून काढली आणि १९२४ साली तो ग्रंथ पुरा होऊन बाहेर पडला.